स्थानिक माल स्थानिक गाड्यांना: नाशिकच्या ट्रकमालकांनी घडी कशी बसवावी

अंबड-सातपूरच्या गेटवर, सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत, पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीबाहेर आणि मनमाडजवळच्या पानेवाडीत एकच मागणी ऐकू येते: इथला माल इथल्याच गाड्यांनी जावा. मागणी रास्त आहे की नाही, हा वाद इथे घालत नाही. ती कशी मांडली तर वर्षानुवर्षे टिकते आणि कशी मांडली तर पोलीस ठाण्यात जाऊन संपते, तेवढेच पाहू.

आधीपासून काय राखीव आहे

देशाच्या पातळीवर ही गोष्ट सरळ आहे. परदेशी ट्रक माल घेऊन येऊ शकतो, पण आपल्या देशातल्या एका गावाहून दुसऱ्या गावाला भाडे मारू शकत नाही. बहुतेक देश हाच नियम पाळतात. युरोपीय संघाने त्यात थोडी ढील दिली आहे. तिथे दुसऱ्या सदस्य देशाचा ट्रक आणलेला माल उतरवल्यावर सात दिवसांत जास्तीत जास्त तीन स्थानिक फेऱ्या करू शकतो, आणि फेब्रुवारी २०२२ पासून त्यानंतर चार दिवस त्याच देशात पुन्हा स्थानिक भाडे घेता येत नाही. आपल्याकडे भारत, बांगलादेश, भूतान आणि नेपाळ यांनी १५ जून २०१५ रोजी थिंपूत जो मोटार वाहन करार केला, त्यातही परक्या देशात स्थानिक माल उचलायला मनाई आहे. बांगलादेशला कांदा घेऊन जाणाऱ्यांना याचा रोजचा अनुभव आहे. पेट्रापोल ओलांडून गाडी बेनापोल बंदराच्या आवारात खाली करायची आणि परत फिरायचे. पुढचा प्रवास तिथल्या गाड्यांचा.

देशाच्या आत मात्र गणित बदलते. हरियाणाचा किंवा राजस्थानचा ट्रकमालकही भारताचाच नागरिक आहे. राज्यघटनेचे कलम १९ त्याला देशभर फिरण्याचा आणि धंदा करण्याचा हक्क देते, आणि कलम ३०१ व्यापार देशभर मोकळा ठेवते. राज्याला बंधन घालायचेच असेल तर कलम ३०४ प्रमाणे ते सार्वजनिक हिताचे आणि वाजवी असावे लागते, विधेयकाला राष्ट्रपतींची पूर्वमंजुरीही लागते. ‘नाशिक जिल्ह्याबाहेरच्या गाडीला बंदी’ असा ठराव ग्रामपंचायतीने केला काय किंवा संघटनेने केला काय, कायद्याच्या लेखी त्याला कागदाइतकीच किंमत. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना ७५ टक्के जागा देणारा कायदा केला होता, तो पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२३ रोजी रद्द केला. नोकऱ्यांचे जे झाले ते भाड्याचेही होईल, हे धरून चाला.

पण एक राखीव गोष्ट कायद्यातच आहे आणि तिचा वापर फार कमी होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९० प्रमाणे नॅशनल परमिटची (देशभर माल नेण्याच्या परवान्याची) गाडी परराज्यात दोन ठिकाणांमधला माल उचलून उतरवू शकत नाही. राजस्थानची गाडी जयपूरहून माल आणून सातपूरला खाली करू शकते, सातपूरहून जयपूरचा माल भरू शकते. सातपूरहून पुण्याचा भरू शकत नाही. तो फेरा महाराष्ट्राच्या गाडीचा. परमिटच्या अटीचा भंग झाला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ खाली १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

तक्रार करायची तर रस्त्यात गाडी अडवू नका. पेठ रोडवरच्या आरटीओ कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि वायुवेग पथकाला (आरटीओच्या फिरत्या तपासणी पथकाला) कळवा. अर्जात गाडीचा नंबर, भरल्याची तारीख-वेळ, कुठून कुठे, आणि शक्य असेल तर बिल्टीचा (माल वाहतुकीच्या पावतीचा) फोटो हवा. ‘बाहेरच्या गाड्या धंदा खातात’ असा अर्ज फाइलला लागून पडतो. ‘अमुक नंबरची गाडी अमुक तारखेला अंबडहून भरली, बिल्टीवर पुणे लिहिले आहे’ अशा अर्जावर कारवाई करणे भाग पडते. कारखान्याच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, असते (महाराष्ट्रांतर्गत एक लाख रुपयांवर, आंतरराज्य पन्नास हजारांवर) आणि त्यात गाडीचा नंबर भरलेला असतो, म्हणजे पुरावा सरकारी यंत्रणेतच पडून आहे. कांदा, टोमॅटो, द्राक्षे अशा ताज्या शेतमालाला ई-वे बिल लागत नाही. तिथे बाजार समितीची जावक नोंद आणि व्यापाऱ्याची बिल्टी यांवरच भिस्त.

हा नियम राज्याचा आहे, जिल्ह्याचा नाही, हे विसरू नका. धुळ्याची किंवा अहिल्यानगरची गाडी नाशिकहून पुण्याला माल नेत असेल तर तिला कोणी हात लावू शकत नाही.

आणि तक्रार करण्याआधी आपल्याच सभासदांच्या नंबरप्लेटा बघून घ्या. नाशिकचा मालक, नाशिकचा चालक, गाडी मात्र ‘एनएल-०१’, म्हणजे कर वाचवायला नागालँडात पासिंग केलेली, हा प्रकार या धंद्यात सर्रास दिसतो. नियम ९० च्या हिशेबात ती गाडी परराज्याचीच. शिवाय परराज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त काळ इथे ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिला इथला नंबर घ्यावा लागतो. पहिली तक्रार बाहेरच्यावर आणि पहिला दंड आपल्याच अध्यक्षाला, अशी गत नको.

स्थानिक गाडीला आणखी एक सवलत आहे. राष्ट्रीय महामार्गावरच्या टोलनाक्याच्या जिल्ह्यातच पासिंग झालेल्या व्यावसायिक गाडीला त्या नाक्यावर ५० टक्के दर लागतो. नॅशनल परमिटच्या गाड्या यातून वगळल्या आहेत आणि सेवा रस्ता किंवा पर्यायी रस्ता असेल तर सवलत मिळत नाही. घोटी, पिंपळगाव बसवंत, शिंदे-पळसे या नाक्यांवरून जिल्ह्यातच रोज ये-जा करणाऱ्या गाडीला त्यामुळे राज्य परमिट ठेवणे परवडते. नॅशनल परमिटचे वर्षाचे १६,५०० रुपये अधिक वाचतात ते वेगळेच. ज्या गाडीला वर्षभरात राज्याबाहेर जायचेच नाही, तिच्या कपाळी नॅशनल परमिट कशाला? ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या छोट्या मालगाडीला तर परमिटच लागत नाही.

‘स्थानिक’ कोण, हे आधी लिहून काढा

बहुतेक भांडणे इथून सुरू होतात. नुसते ‘एमएच-१५’ पुरत नाही. मालेगाव, सटाणा, नांदगावकडच्या गाड्या ‘एमएच-४१’ असतात, त्या जिल्ह्याच्याच. उलट मुंबईच्या मोठ्या ट्रान्सपोर्टरने नाशिकच्या पत्त्यावर पासिंग केलेली गाडीही ‘एमएच-१५’ असते. व्याख्येत चार गोष्टी एकत्र लागतात: आरसी बुकावर जिल्ह्यातला पत्ता, मालकाचा स्वतःचा रहिवास, गाडी किमान एक वर्ष त्याच्याच नावावर असणे, आणि एका कुटुंबाच्या गाड्यांवर मर्यादा. मर्यादा तीन ठेवा की पाच, ते गावाच्या गणितावर ठरवा. ती नसेल तर दोन वर्षांत निम्मा नंबर, म्हणजे भाड्याची पाळी, दोन-तीन घरांत जातो.

खरा धोका नावापुरत्या मालकांचा. बाहेरचा ट्रान्सपोर्टर भाच्याच्या किंवा चालकाच्या नावावर गाडी घेतो आणि स्थानिक म्हणून नंबर लावतो. ओळखायचे कसे? आरसीवरचे नाव तर सगळेच बघतात. त्यापुढे जाऊन फास्टॅग कोणाच्या नावावर, विम्याचा हप्ता कोण भरतो, कर्जाचा हप्ता कोणत्या खात्यातून जातो आणि भाड्याची रक्कम कोणाच्या खात्यात जमा करायची, या चार जागा तपासा. चारही ठिकाणी एकच नाव नसेल तर बाहेर ठेवा. पैसे फक्त आरसीधारकाच्या खात्यात, एवढा एक नियम कडक पाळला तरी नावापुरते मालक आपोआप गळतात.

चालकही स्थानिकच हवा, ही अट घालू नका. चालकांचा तुटवडा असताना ती अट आपल्याच पायावर पडते.

संघटना नको, संस्था हवी

चार माणसांनी लेटरहेड छापून काढलेली संघटना निवेदन देऊ शकते, करार करू शकत नाही. कारखान्याला बिल देणारा, जीएसटी क्रमांक असलेला आणि माल हरवला तर भरपाई देणारा पक्ष लागतो. त्यासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली मालवाहतूक सहकारी संस्था हा सर्वांत सोयीचा मार्ग, कारण स्थानिकत्व त्या कायद्याच्या चौकटीतच बसते. नोंदणीला किमान दहा वेगवेगळ्या कुटुंबांतल्या व्यक्ती लागतात आणि त्या संस्थेच्या कार्यक्षेत्रात राहणाऱ्या असाव्या लागतात. कार्यक्षेत्र ‘सिन्नर तालुका’ किंवा ‘नाशिक जिल्हा’ असे उपविधीत (संस्थेच्या नियमावलीत) लिहिले की वेगळे आरक्षण मागायची गरज उरत नाही.

क्रम असा: निबंधक कार्यालयातून नावाला मंजुरी, प्रवर्तकांची सभा, मुख्य प्रवर्तकाच्या नावे बँक खाते आणि भाग भांडवल, मग उपविधींसह प्रस्ताव. निबंधकाने दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. प्रस्ताव अडतो तो सहसा दोन कारणांनी: दहापैकी दोघे एकाच शिधापत्रिकेवर निघतात, किंवा रहिवासाचा पुरावा जुन्या पत्त्याचा असतो.

सभासदत्व बंद करू नका. त्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही, आणि नाकारलेला माणूस निबंधकाकडे अपील करतो. नवे सभासद रोखायचे नसतात, नव्या गाड्यांचा नंबर कामाच्या प्रमाणात वाढवायचा असतो. दोन्हींत फरक आहे आणि उपविधीत तो स्पष्ट लिहावा.

गाड्या मोजा

मागणी करण्याआधी आपण किती माल उचलू शकतो ते काढा. रोजच्या भरत्या (माल भरून निघणाऱ्या गाड्या) गुणिले एका फेऱ्याला लागणारे दिवस, भागिले चालू गाड्यांचे प्रमाण. अंबडच्या एखाद्या कारखान्यातून न्हावा शेव्याला रोज १२ गाड्या निघत असतील आणि बंदरातल्या रांगेसकट फेऱ्याला दोन दिवस जात असतील, तर रस्त्यावर २४ गाड्या हव्यात. दुरुस्ती, पासिंग, चालक गावी जाणे यांत पाचातली एक गाडी नेहमी उभी असते असे धरले तर संस्थेकडे ३० गाड्या लागतात. तुमच्याकडे १८ असतील तर ‘सगळा माल आम्हालाच’ म्हणू नका, सात भरत्या मागा. पहिल्याच महिन्यात गाडी कमी पडली की कारखान्याचा लॉजिस्टिक अधिकारी तेवढ्याच कारणावर करार गुंडाळतो.

गाडीचा प्रकारही बघा. द्राक्षाचा निर्यातमाल शीतगृहातून वातानुकूलित कंटेनरमध्ये जातो. ४० फुटी ट्रेलर आणि त्यावरचा जनरेटर संच नसेल तर निफाड-दिंडोरीतला तो हंगाम दहाचाकीवाल्यांचा नाहीच. त्याच हंगामात कोरुगेटेड खोके, पॅलेट, बॉक्सच्या पट्ट्या यांची आवक मात्र असते, आणि ती छोट्या-मध्यम गाड्यांनी होते. मागायचे ते काम हे.

दर कसा काढायचा

खालचे आकडे नमुन्याचे आहेत, आपले भरून घ्यावेत. दहाचाकी, एकूण वजन २८.५ टन, भार साधारण १८ टन. अंबड ते न्हावा शेवा जाऊन-येऊन ३८० किलोमीटर, परतीला रिकामी.

डिझेल: लिटरला ४ किलोमीटर, म्हणजे ९५ लिटर, ९० रुपयांनी ८,५५० रुपये. टायर, ऑइल, दुरुस्ती: किलोमीटरला साडेचार रुपये, १,७१० रुपये. टोल २,००० रुपये. चालकाचा वाटखर्च ८०० रुपये. आता उभ्या गाडीचा खर्च: हप्ता ५५,०००, विमा-कर-परमिट-पासिंगचा मासिक वाटा १२,०००, चालक-क्लीनरचा पगार ३०,०००, मिळून महिन्याला ९७,००० रुपये. महिन्यात १२ फेरे मिळाले तर फेऱ्यामागे ८,०८३ रुपये पडतात आणि एकूण खर्च २१,१४३ रुपये, म्हणजे टनाला सुमारे १,१७५.

फेरे १२ वरून ८ वर आले तर तोच उभा खर्च फेऱ्यामागे १२,१२५ रुपये होतो आणि टनाचा खर्च १,४०० रुपयांवर जातो. रस्ता तोच, डिझेल तेच, फक्त नंबर उशिरा लागला म्हणून टनामागे सव्वादोनशे रुपये वाढले. राखीव व्यवस्था मोडते ती इथे. काम तेवढेच आणि गाड्या वाढत गेल्या की प्रत्येकाला फेरे कमी पडतात, मग दर वाढवून मागावा लागतो, मग कारखान्याला बाहेरचा दर स्वस्त दिसायला लागतो. म्हणून संस्थेने वर्षातून दोनदा गाडीमागे फेऱ्यांची सरासरी काढावी आणि ती दहाच्या खाली गेली तर नव्या गाड्यांना नंबर देणे थांबवावे. हा दहाचा आकडा या नमुन्यापुरता. आपल्या हप्त्यावरून आपला काढा.

जादा भार घालून टनाचा दर खाली आणण्याचा मोह टाळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च मालकाच्या बोडक्यावर. तीन टन जादा म्हणजे २६,००० रुपये. वरच्या हिशेबात एक पूर्ण फेरा आणि आणखी थोडे.

करारात काय लिहून घ्यायचे

खासगी कारखान्याला आपले काम कोणाला द्यायचे याची मोकळीक आहे. तो स्वखुशीने स्थानिक संस्थेला वाटा देऊ शकतो, आणि स्थानिक आरक्षणाची हीच एक वाट न्यायालयात टिकते. शंभर टक्के मागू नका. साठ टक्के मागा आणि उरलेले मोकळे सोडा, म्हणजे कारखान्याला बाजारभाव कळत राहतो आणि तुमच्या दरावर संशय येत नाही. कलम असे लिहिता येईल:

‘नाशिक प्रकल्पातून महिन्यात होणाऱ्या एकूण भरत्यांपैकी किमान ६० टक्के भरत्या कंपनी संस्थेस देईल. प्रत्येक मार्गासाठी कंपनीने खुल्या चौकशीतून मिळवलेला सर्वांत कमी योग्य दर संस्थेस कळवावा. संस्थेने दोन कामकाजी दिवसांत तो दर मान्य केल्यास सदर भरत्या संस्थेस द्याव्यात. मागणी कळवल्यापासून सहा तासांत संस्था गाडी उभी करू न शकल्यास त्या भरतीपुरता कंपनी अन्य वाहन घेऊ शकेल आणि अशी भरती ६० टक्क्यांच्या हिशेबात संस्थेला दिली असे धरले जाईल.’

शेवटच्या वाक्यावर सभासद नाराज होतात, पण त्यावरच कारखाना सही करतो. ‘योग्य दर’ यातला ‘योग्य’ शब्द सोडू नका. परतीचे भाडे हातात असलेली बाहेरची गाडी डिझेलच्या भावात माल उचलते, त्या दराशी बरोबरी करून तुम्ही वर्ष काढू शकणार नाही. ‘योग्य’ म्हणजे किमान तीन दरपत्रके आणि तीन महिने तोच दर देण्याची तयारी, असे व्याख्येत बांधून घ्या.

डिझेलचे कलम वेगळे हवे. वरच्या नमुन्यात डिझेल एकूण खर्चाच्या ४० टक्के आहे, म्हणून डिझेल ५ टक्के वाढले की भाडे २ टक्के वाढावे. उतरले तर उतरावेही. आधार म्हणून नाशिकच्या एका ठरलेल्या पंपाचा पहिल्या तारखेचा दर लिहा. ‘डिझेल वाढल्यास भाडे वाढवून देण्यात येईल’ एवढेच लिहिले असेल तर दर महिन्याला बैठक, दर बैठकीला भांडण.

थांबण्याचे पैसे, म्हणजे हॉल्टिंग: गेटवर नोंद झाल्यापासून किती तासांनी सुरू, दिवसाला किती, आणि पुरावा कोणता. गेटची आवक-जावक वेळ पोचपावतीवर शिक्क्यासह लिहून घेतली नाही तर हॉल्टिंग कधीच मिळत नाही. भरताना हमाली आणि वाराई (माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे) कोणाची, हेही लिहा. माथाडी मंडळाची नोंदणी असलेल्या ठिकाणी ते पैसे मंडळामार्फत जातात, चालकाच्या खिशातून नाही.

संस्थेची आणि सभासदांची उद्यम नोंदणी करून ठेवा. सूक्ष्म-लघु उद्योगाचे बिल कारखान्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करायचे असते, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. शिवाय मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट त्या वर्षीच्या आयकरात मिळत नाही, त्यामुळे मार्च आला की कारखान्याचा लेखा विभागच तुमचा शोध घेत येतो.

नंबर

पाळीची वही नीट असेल तर संस्था चालते. वहीत अनुक्रमांक, गाडी नंबर, रिकामी हजर झाल्याची वेळ, मार्ग, भरल्याची वेळ, आणि नंबर सोडला असेल तर कारण व सही, एवढे रकाने पुरे. लांब आणि जवळच्या मार्गांची पाळी वेगळी ठेवा, नाहीतर पुण्याचा नंबर आला की गाडी ‘नादुरुस्त’ होते आणि नागपूरचा आला की लगेच चालू. नंबर सोडला की गाडी यादीच्या तळाला. दोन मिनिटे उशीर झाला तरी तळाला, आणि सचिवाची गाडीही तळाला. ही वही रोज संध्याकाळी फोटो काढून सभासदांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकली की निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. हजेरी घ्यायची जागा कारखान्याच्या दारात नको, गेटसमोर पन्नास गाड्या उभ्या दिसल्या की कंपनीला धरणे आठवते. आडगावचे ट्रक टर्मिनल किंवा एमआयडीसीतला मोकळा भूखंड बघा.

कुठे घसरते

हिमाचल प्रदेशात बरमाणा आणि दाडलाघाट इथल्या सिमेंट कारखान्यांची वाहतूक स्थानिक ट्रक संस्थांच्या हाती आहे, आणि त्यांतल्या कित्येकांच्या जमिनी त्या कारखान्यांसाठी गेलेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये दरावरून वाद झाला आणि कंपनीने दोन्ही कारखाने बंद केले. ६७ दिवस एकही पोते हलले नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तडजोड झाली ती आधीपेक्षा कमी दरावर. दोन महिन्यांचे हप्ते मात्र सगळ्यांचेच थकले. पंजाबात तर सरकारने २०१७ मध्ये नियम करून ट्रक युनियनची मक्तेदारीच मोडून काढली.

कायद्याची भीती दोन बाजूंनी आहे. स्पर्धा अधिनियम २००२ च्या कलम ३ प्रमाणे स्पर्धकांनी मिळून दर ठरवणे किंवा भाग वाटून घेणे म्हणजे कार्टेल, आणि सहकारी संस्था असली तरी सूट नाही. दंड वार्षिक उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत किंवा नफ्याच्या तिप्पट, यांपैकी जे जास्त असेल ते. म्हणून संस्थेने स्वतःच्या करारासाठी स्वतः दर द्यावा. ‘यापेक्षा कमी दराने कोणीही भाडे घेऊ नये’ असा ठराव इतिवृत्तात कधीही घेऊ नये, सभासदाला बाहेरचे काम घेण्यास मनाई करू नये. दुसरी बाजू फौजदारी. बाहेरची गाडी अडवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ मध्ये बसते, आणि ‘गेटपास’च्या नावाखाली त्या गाडीकडून दोनशे-पाचशे घेणे म्हणजे कलम ३०८ ची खंडणी. तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत. या पावत्या बरेचदा छापील असतात, संस्थेच्या शिक्क्यासह. पोलिसांचे काम इतके सोपे करू नये.

बिल्टी आणि कर

संस्था स्वतःच्या नावाने बिल्टी फाडते, म्हणजे ती जुन्या भाषेत हुंडेकरी झाली. रस्त्याने मालवाहतूक अधिनियम २००७ खाली तिला सामान्य वाहक म्हणून नोंदणी लागते आणि मालाच्या नुकसानीची जबाबदारी येते. जादा जोखमीचा दर ठरलेला नसेल तर ही जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंत असते, आणि दावा लावण्याआधी मालधन्याने १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. पावसाळ्यात भिजलेल्या मालाचे दावे इथेच येतात. बिल्टीवर ‘ताडपत्री दोन, रस्सा बांधून, पेटी कोरडी घेतली’ असा शेरा आणि भरतानाचा फोटो असेल तर बाजू राहते.

जीएसटीत संस्था ‘गुड्स ट्रान्सपोर्ट एजन्सी’ ठरते. संस्थेने स्वतः कर भरण्याचा पर्याय घेतला नाही तर पाच टक्के कर उलट आकारणीने, म्हणजे सेवा घेणारा म्हणून, कारखानाच भरतो. सभासदाने आपली गाडी संस्थेला भाड्याने दिली तर त्या व्यवहाराला जीएसटी नाही.

टीडीएसमध्ये, म्हणजे बिल देतानाच होणाऱ्या आयकर कपातीत, मात्र बऱ्याच संस्था गळ्यापर्यंत अडकतात. दहा किंवा कमी गाड्यांचा मालक पॅनसह घोषणापत्र देतो तेव्हा त्याच्या भाड्यातून कपात होत नाही. ती घोषणा सभासद संस्थेला देतो. कारखाना मात्र संस्थेच्या पूर्ण बिलातून दोन टक्के कापतो. संस्थेचे कमिशन दोन टक्के असेल तर तिची सगळी कमाई वर्षभर आयकर खात्यात अडकून राहते आणि सचिवाचा पगारही निघत नाही. उपाय असा की वर्षाच्या सुरुवातीलाच कमी दराने कपातीचा दाखला मागावा आणि कमिशन किमान तीन टक्के ठेवावे.

तेल डेपो आणि कुंभाची कामे

पानेवाडीतल्या तेल कंपन्या सरकारी आहेत. त्यांच्या निविदेत ‘फक्त नाशिकचे’ असे कोणी लिहिणार नाही. तिथे केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणाचा आधार घ्या: वार्षिक खरेदीच्या २५ टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे आणि ३ टक्के महिलांचे उद्योग. निविदेत ही सवलत लागू असेल तर सर्वांत कमी दराच्या १५ टक्के वर असलेल्या उद्योगालाही तो दर मान्य करून वाटा मिळू शकतो आणि अनामत रकमेतून सूट असते. टँकरला स्फोटके विभागाचा परवाना आणि वैधमापनाचे कॅलिब्रेशन लागते, चालकाला धोकादायक मालाचे तीन दिवसांचे प्रशिक्षण. निविदा उघडायच्या आठवड्यात कॅलिब्रेशनची तारीख संपलेली असणे, हे बाद होण्याचे नेहमीचे कारण.

सिंहस्थाच्या रस्ते-घाटांच्या कामांवर डंपर लावायचे तर मुख्य ठेकेदाराशी थेट करार करा. मधल्या उपठेकेदाराकडे बिल अडकले तर मुख्य ठेकेदार ओळख दाखवत नाही. खडी-मुरूमाच्या प्रत्येक फेऱ्याला महाखनिज या राज्य सरकारच्या ऑनलाइन प्रणालीचा वाहतूक पास आणि गाडीला जीपीएस हवे. पासवरची वेळ संपल्यावर गाडी पकडली गेली तर दंड गाडीमालकालाच होतो, मग खाणवाल्याने पास उशिरा दिलेला असो वा नसो.

आणि ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मधल्या पर्वणीच्या दिवसांत शहरात जड वाहनांना बंदी आणि वळसे असणार हे गृहीत धरून आत्ताच्या करारांत दोन ओळी घालून घ्या: प्रशासनाच्या बंदीमुळे झालेल्या उशिराला दंड नाही, आणि वळशाच्या जादा किलोमीटरचे भाडे गेटवरच्या नोंदीप्रमाणे वेगळे.